वर्ना शिकारीला गेली त्या वर्षी

"कुत्री आमच्या गाडीत घालतो. तू उगाच त्रास घेऊ नकोस," हॉलिस म्हणाला आणि त्याने वर्नाच्या ट्रकमधल्या पिंजऱ्याच्या कडीला हात घातला.

वर्ना ट्रकमधून उतरली नाही. तिने फक्त खिडकीची काच खाली केली. "कडी सोड, हॉलिस. कुत्री याच ट्रकमधून जाणार, आणि हा ट्रक मी चालवणार."

"कुठपर्यंत? पेट्रोल पंपापर्यंत?" मागून वेंडेल म्हणाला आणि स्वतःच हसला.

"शिकारीच्या तळापर्यंत."

वेंडेलचं हसू थांबलं. हॉलिसने कडी सोडली नाही. पिंजऱ्यातल्या दोघी शिकारी कुत्र्या, बेल आणि जोझी, त्याच्या बोटांना नाकं लावून शेपट्या हलवत होत्या. त्यांच्या मागे डीकन बसला होता. रुंद छातीचा आणि कापलेल्या कानांचा हा कुत्रा कधी भुंकत नसे. दोघींनी डुक्कर शोधून भुंकून अडवायचं आणि डीकनने जाऊन त्याचा कान धरायचा, अशी त्यांची वाटणी होती.

"बायका तळावर येत नाहीत, वर्ना."

"मग कुत्रीही येत नाहीत."

"डेल्बर्टला हे आवडलं नसतं."

"तो सांगायला आला तर मागे फिरेन."

तिसरा माणूस, कोय, कुंपणाशी टोपी हातात घेऊन उभा होता. तो सगळ्यांत लहान, म्हणजे चाळिशी ओलांडलेला. तो हळूच म्हणाला, "येऊ दे ना मिस वर्नांना. काय होतंय?"

"तू गप रे," हॉलिस म्हणाला. पण त्याने कडी सोडली. नदीकाठच्या त्या गचपणात कुत्र्यांशिवाय डुकराचं शेपूटही दिसत नाही, हे तो जाणून होता. तो अंगणात थुंकला आणि आपल्या नव्या कोऱ्या ट्रककडे गेला.

हॉलिस प्रुइटचं पोलार्ड गावात पेंडीचं आणि बियाण्यांचं दुकान होतं. नेचेस नदीकाठच्या रानाचा शिकारीसाठीचा भाडेपट्टा त्याच्याच नावावर होता. वेंडेल लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. कोय लाकडाच्या गिरणीत कामाला होता. आणि चौथा डेल्बर्ट स्ट्राउड, वर्नाचा नवरा. जिल्ह्याच्या कच्च्या रस्त्यांवर यंत्र फिरवून खड्डे सपाट करण्यात त्याची सगळी नोकरी गेली. दर फेब्रुवारीत एका शुक्रवारी हे चौघे रानात जायचे आणि रविवारी परत यायचे. गेल्या फेब्रुवारीत तिघेच परत आले.

वर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. पहाटे उठायचं, पोरांसाठी मोठाल्या पातेल्यांत बीन्स आणि भात शिजवायचा, दुपारी ओटे घासायचे आणि पाय सुजवून घरी यायचं. मूलबाळ झालं नाही. वर्षातला एकच दिवस तिला सणासारखा असायचा. शिकारीहून डेल्बर्ट परतला की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर चादर अंथरून कुत्र्यांच्या जखमा शिवायची, आणि तो कुत्र्याचं डोकं धरून तिला शिकारीची हकिकत सांगायचा. डुक्कर कसं अंगावर आलं, आपण कसे मागून गेलो, कसे मागचे दोन्ही पाय धरून त्याला आडवं केलं, सुरी कुठे घातली. घरी तोंडातून शब्द काढताना दहा वेळा विचार करणारा हा माणूस त्या दिवशी हात हलवून हलवून बोलायचा. वर्नाला ते ऐकायला आवडायचं. टाका घालताना ती मधेच थांबून म्हणायची, "मग? मग काय केलंस?"

त्याचं मरणही तिला तसंच सांगण्यात आलं होतं. शनिवारी एका थोराड नराने डीकनला झाडाच्या बुंध्याशी दाबलं, डेल्बर्ट एकटा सुरी घेऊन आत शिरला, त्याने डुक्कर मारलं, मग तिथेच खाली बसला आणि गेला. हृदय बंद पडलं. हॉलिसने हे तिला दारात उभं राहून सांगितलं. पुढे पाद्रीबाबांनी अंत्यविधीला सांगितलं आणि आख्ख्या गावाने डोळे पुसले. कुत्र्यासाठी जीव टाकणारा माणूस. अजून गावात कोणी भेटलं की वर्नाचा हात हातात घेऊन तेच म्हणायचं.

फक्त त्याचे बूट स्वच्छ होते. अंत्यविधीवाल्यांनी पिशवीत घालून दिलेले बूट तिने घरी येऊन उघडले होते. फेब्रुवारीतल्या नदीकाठच्या चिखलात डुकराशी झुंजलेल्या माणसाच्या बुटांना चिखलाचा एक कण नव्हता. वर्षभर तिने हे कोणाला विचारलं नाही. फेब्रुवारी आला तेव्हा तिने शाळेत रजा सांगितली आणि शुक्रवारी ट्रकमध्ये जाऊन बसली.

तळ म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, पुढे छप्पर काढलेलं, आणि त्याखाली चुलीसाठी दगड. वर्ना पोहोचली तेव्हा तिघेही खुर्च्या मांडून बसले होते. चौथी खुर्ची नव्हती. तिने कुत्र्यांना पाणी दाखवलं, साखळ्या झाडांना बांधल्या आणि एका ओंडक्यावर जाऊन बसली. कोय उठायला लागला तसा हॉलिस म्हणाला, "बस खाली. पाहुण्यांना आपण आमंत्रण दिलेलं नाही."

"संडास कुठे आहे?" तिने विचारलं.

वेंडेलने हाताने सगळं रान दाखवलं. "पाहिजे ते झाड घे, मॅडम. आम्ही तिकडे बघणार नाही. बघण्यासारखं काही असेल असं वाटत नाही."

हॉलिस हसला. कोयने खाली बघितलं. वर्ना उठून पत्र्याच्या खोलीत गेली. आत झोपायच्या बाकड्यांपलीकडे भिंतीला बिडाचे तवे टांगलेले होते. लहान, मग मोठा, मग झाकणाचा खोलगट, आणि शेवटी उलथनी. प्रत्येकाची मूठ डावीकडे. ती थोडा वेळ तिथे उभी राहिली. तिच्या घरातल्या भिंतीवर तवे याच क्रमाने होते आणि मुठी डावीकडेच होत्या, कारण ती डावखुरी होती. या तिघांत डावखुरं कोणी नव्हतं. डेल्बर्टही नव्हता. शिवाय डेल्बर्टने घरी कधी पाण्याचं भांडंसुद्धा चुलीवर ठेवलेलं तिने पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी वेंडेलने बीन्सचे डबे उघडून गरम केले. ते खाली लागले. चौघांनीही करपलेला घास तोंडात फिरवला.

"दरवर्षी इथे स्वयंपाक कोण करायचं?" वर्नाने विचारलं.

"सगळे मिळून," हॉलिस म्हणाला.

"तो पडला ती जागा मला उद्या दाखवा."

"ती जागा पाण्याखाली गेली. नदी चढलीय," हॉलिस म्हणाला.

आणि त्याच वेळी वेंडेल म्हणाला, "तिकडे वरच्या टेकाडावर आहे, लांब."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वर्नाने ताटली खाली ठेवली. मग हॉलिस चिडला. "हे बघ, वर्ना. तुझा नवरा गेला, आम्हाला वाईट वाटलं. शवपेटीला खांदा आम्ही दिला. पण म्हणून तू इथे येऊन आमची झडती घ्यायची नाही. उद्या कुत्री सोड, डुक्कर बघ, आणि घरी जा. पुढच्या वर्षीसाठी मी दुसऱ्या कुत्र्यांची सोय करतो."

"कर," ती म्हणाली आणि ट्रकमध्ये झोपायला गेली.

शनिवारी सकाळी धुकं होतं. दोन्ही ट्रक रानातल्या वाटेने निघाले. हॉलिसचा उंच चाकांचा ट्रक पुढे आणि वर्नाचा मागे. एका ओहोळात हॉलिसने कडेची कोरडी जागा सोडून बरोब्बर मधून गाडी काढली आणि चिखल घुसळून ठेवला. वर्नाची चाकं त्यात रुतली. ती मागेपुढे करत राहिली तशी गाडी आणखी खाली बसली.

वेंडेल पुढून ओरडला, "डेल्बर्ट असता तर म्हणाला असता, रस्ता सपाट करायला यंत्र आणा!"

"साखळी लाव आणि ओढ," वर्ना म्हणाली.

"परत येताना ओढू. ऊन वर येण्याआधी डुकरं उठवायची आहेत. कुत्री साखळीने चालव." हॉलिसने आपला ट्रक पुढे कोरड्या उंचवट्यावर लावला, किल्ली खिशात टाकली आणि तो चालू लागला.

ते मुद्दाम भरभर चालत होते. वर्नाच्या हातात तीन साखळ्या होत्या आणि पायांत डेल्बर्टचे बूट. ते तिला मोठे होत होते. वेतासारख्या काटक्या तोंडावर येत होत्या. कोयने मागे येऊन न विचारता डीकनची साखळी तिच्या हातातून घेतली आणि तो पुन्हा पुढे गेला. पाणथळीच्या कडेला माती ताजी उकरलेली दिसली तेव्हा तिने बेल आणि जोझीला सोडलं. दोघी जमिनीला नाक लावून गचपणात दिसेनाशा झाल्या.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग लांबून बेलचा आवाज आला. भुंकणं एका जागी थांबलेलं, आखूड आणि सारखं.

"धरलंय," कोय म्हणाला.

ते धावत पोहोचले तेव्हा एका पडलेल्या ओकच्या मुळांशी पाठ लावून काळा नर उभा होता. वर्नाने आयुष्यभर डुकराचं मांस कापलं होतं, हकिकती ऐकल्या होत्या, पण जिवंत रानडुक्कर इतक्या जवळून ती पहिल्यांदा पाहत होती. त्याच्या पाठीवरचे केस उभे होते आणि तो दातांवर दात घासत होता. तो आवाज तिला कोणी सांगितला नव्हता. 

कोयने डीकनला सोडलं. डीकन सरळ गेला आणि त्याने कान धरला. डुकराने डोकं हिसडलं, कुत्रा हवेत गेला, आपटला, पण सुटला नाही.

हॉलिसने कमरेची सुरी काढली आणि मूठ वर्नाकडे केली. "घे. तुझा नवरा करायचा ना? सांगायचा ना तुला घरी बसून? बघू तरी."

"हॉलिस, चेष्टा नको," कोय म्हणाला.

"चेष्टा कोण करतंय? बाईंना बघायचंच होतं ना?"

वर्नाने सुरी घेतली नाही. ती त्याच्या बाजूने पुढे गेली आणि डेल्बर्ट सांगायचा तसं मागून वळसा घालून तिने वाकून डुकराचे मागचे पाय धरले. तिला ते जमलं नाही. एकच पाय हातात आला. डुकराने झटका दिला, ती गुडघ्यांवर पडली, चिखलातून फरफटत गेली, पण तिने पाय सोडला नाही. कोणीतरी शिवी हासडली. डुक्कर तिच्याकडे वळायला गेलं, डीकनने त्याला कानाने मागे ओढलं, आणि डुकराने तोंड वर करून सुळा कुत्र्याच्या गळ्याखालून फिरवला, जिथे शिकारीसाठी त्याला घातलेलं जाड कापडाचं चिलखत संपत होतं तिथून. तेवढ्यात कोय तिच्या अंगावरून झेपावला आणि त्याने खांद्यामागे सुरी घातली. डुक्कर खाली बसलं, मग आडवं झालं.

डीकन अजून कान धरूनच होता. त्याच्या छातीवरून रक्त वाहत होतं.

"वेडी झालीस काय!" हॉलिस ओरडला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मेली असतीस! कोणी सांगितलं होतं तुला पाय धरायला?"

"डेल्बर्टने," वर्ना धापा टाकत म्हणाली. ती डीकनचा जबडा हळूहळू सोडवत होती. "तो असाच धरायचा."

"डेल्बर्ट!" वेंडेल घाबरला होता आणि त्या भीतीनेच त्याचं तोंड सुटलं. "अगं, डेल्बर्टनं आयुष्यात डुकराला हात लावला नाही! डुक्कर दिसलं की झाडावर चढायचा तो. नंतर नंतर तर शिकारीला यायचाच नाही, तळावर बसून भाकऱ्या भाजायचा! तू त्याचं ऐकून—"

तो थांबला. 

वर्नाने गळ्यातला रुमाल काढून डीकनच्या जखमेत दाबला आणि दाबून धरला. वर न बघता तिने विचारलं, "मग तो मेला कुठे?"

हॉलिस म्हणाला, "वर्ना, आता हे—"

"तुला नाही विचारलं. कोय, तू सांग."

कोय डुकराशेजारी बसला होता. सुरी अजून त्याच्या हातात होती. "हॉलिसच्या ट्रकमध्ये," तो म्हणाला. "जुन्या ट्रकमध्ये, मिस वर्ना. सकाळी तो म्हणाला, डावा हात जड झालाय, मला डॉक्टरकडे सोडा. आम्ही त्याचा ट्रक घेऊन गेलो, कुत्री त्यातच होती ना. हॉलिसचा ट्रक तळावर होता, पण किल्ली—" त्याने सुरी खाली ठेवली. "किल्ली हॉलिसच्या खिशात होती. दुपारी परत आलो तेव्हा तो ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला होता. सीटचा पट्टासुद्धा लावला होता त्याने."

"दरवर्षी तेच म्हणायचा!" हॉलिस एकदम बोलायला लागला. "दरवर्षी, वर्ना! पोट दुखतंय, पाय मुरगळलाय, कंबर धरलीय. डुकरांपुढे यायला लागू नये म्हणून. आम्हाला काय माहीत या वेळी खरंच होतं? आणि आम्ही काय वाईट केलं? गावाला काय सांगायचं होतं, तव्यापुढे मेला? आम्ही त्याला मर्दाचं मरण दिलं. पाद्र्याने भाषण केलं त्याच्यावर. तुला आणखी काय पाहिजे होतं?"

वर्नाने त्याच्याकडे पाहिलं. तिला रडू आलं नाही. तिला राग आला होता, पण त्या रागात नवराही होता. टेबलावर कुत्र्याचं डोकं धरून हात हलवणारा, मग काय केलंस विचारल्यावर खोटं सांगणारा. आणि तो राग धड कुठेच लागत नव्हता, कारण त्या माणसाने बिनकिल्लीच्या गाडीत बसून पट्टा लावला होता.

डीकनचे पाय लटपटले आणि तो खाली बसला.

हॉलिस कुत्र्याकडे बघून म्हणाला, "याचं काही खरं नाही. उगाच हाल कशाला." त्याने कमरेचं पिस्तूल काढलं.

"ते आत ठेव," वर्ना म्हणाली. "आणि किल्ली दे."

"काय?"

"माझा ट्रक चिखलात आहे. तुझा वर उभा आहे. किल्ली दे, हॉलिस."

"नवीन ट्रक आहे माझा. सगळं रक्त—"

तो स्वतःच थांबला. कोयने डीकनला दोन्ही हातांवर उचललं होतं आणि तो हॉलिसकडे बघत उभा होता. वेंडेलही बघत होता. हॉलिसने खिशात हात घातला, किल्ली काढली आणि तिच्या पुढ्यात चिखलात टाकली. वर्नाने ती उचलली, पँटला पुसली आणि चालू लागली. बेल आणि जोझी तिच्या मागे निघाल्या.

गाडी ती चालवत होती. कोय शेजारी बसून कुत्र्याची जखम दाबत होता. गाडी डांबरी रस्त्याला लागली. मग कोय म्हणाला, "ते दोघं तळापर्यंत पायी जाणार आता."

"जातील. त्यांचा हात जड झालेला नाही."

जनावरांचा डॉक्टर दवाखाना बंद करायच्या बेतात होता. डीकनला आत नेलं. हे दोघे बाहेर पायरीवर बसले. दोघांच्या कपड्यांवर चिखल आणि रक्त होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या हळू होऊन बघत होत्या.

"तूही गेलास ना त्या दिवशी?" वर्नाने विचारलं.

"गेलो."

"तो म्हणाला हात जड झालाय, तेव्हा तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"हसलास?"

कोय हातावरचं वाळलेलं रक्त खरवडू लागला. "हसलो, मिस वर्ना. सगळे हसले म्हणून हसलो."

तिने मान हलवली. मग तिने विचारलं, "काय करायचा तो? खायला."

"सगळंच. बीन्स करायचा, पण कधी खाली लागले नाहीत. दूध-पिठाचा दाट पांढरा रस्सा. आणि सकाळी बिस्किटं, ताज्या छोट्या पावांसारखी, इतकी मऊ की हातात धरवत नसत. म्हणायचा, पीठ जास्त मळायचं नाही, वर्ना बोटांनी नुसतं गोळा करते आणि सोडून देते. मी बघितलंय, म्हणायचा." कोयने टोपी काढून पुन्हा घातली. "झाडावर चढायचा हे खरं आहे. पण जेवायला बसलो की हॉलिससुद्धा त्याच्यापुढे बोलत नसे."

वर्ना उठून कोपऱ्यावरच्या नळावर गेली. तिने हात धुतले, कोपरांपर्यंत, पुन्हा पुन्हा. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. 

डीकन जगला. गळ्यातून जबड्याकडे जाणारी एक नस तुटली होती. पुढे त्याला काही घट्ट धरता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाला.

रविवारी सकाळी हॉलिसचा ट्रक धुऊन त्याच्या दुकानासमोर लावून वर्ना चर्चला गेली. सीटवरचे डाग निघाले नव्हते. प्रार्थना संपल्यावर बाहेर अंगणात बायका तिच्याभोवती जमल्या. ती तळावर गेली होती हे गावाला कळलं होतं. हॉलिसची बायको ग्लेंडा पुढे आली, तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "बघून आलीस ना ती जागा? मनाला बरं वाटलं असेल. काय हिंमतीचा माणूस होता."

रात्री कोणाच्या तरी गाडीतून गावात परतलेला हॉलिस चार पावलांवर पाद्रीबाबांशी बोलत उभा होता. त्याने बोलणं थांबवलं.

"तो हिंमतीचा नव्हता, ग्लेंडा," वर्ना म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, पण मुद्दाम हळूही केला नाही. "डुकराला घाबरायचा तो. तिथे स्वयंपाक करायचा. त्याचा हात जड झाला तेव्हा डॉक्टरकडे न्या म्हणाला, तर हे तिघं हसले आणि शिकारीला गेले. किल्ली नसलेल्या गाडीत बसून मेला तो. डुक्करबिक्कर काही नव्हतं."

ग्लेंडाने हात सोडला. "असलं बोलवतं तरी कसं तुला? मेलेल्या माणसाबद्दल?"

"जिवंत माणसांबद्दलही बोलले मी. ते ऐकलं नाहीस वाटतं."

"दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं," हॉलिस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी काही मनावर घेत नाही."

काहींनी समजल्यासारख्या माना हलवल्या. मग कुणीतरी कोयला विचारलं. तो गेटपाशी उभा होता, एकटाच. त्याने सगळ्यांकडे आणि मग हॉलिसकडे पाहिलं.

"त्या म्हणतात तसंच झालं," तो म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला.

वर्नाला वाटलं होतं, यानंतर काहीतरी होईल. हॉलिसला कोणीतरी जाब विचारेल. तसं काही झालं नाही. गावाने वर्षभर डेल्बर्टचं ते मरण जपून ठेवलं होतं, पोरांना सांगितलं होतं, आणि ते तिने हिसकावून घेतलं होतं. त्याचा राग हॉलिसवर निघाला नाही, तिच्यावर निघाला. शाळेत तिच्याबरोबर वीस वर्षं भाज्या चिरणारी डोरीन एक दिवस म्हणाली, "तुझ्या जागी मी असते तर जीभ चावून गप्प बसले असते. नवऱ्याची अब्रू ती आपली अब्रू." वर्नाने तिच्याकडचं पातेलं ओढून घेतलं आणि म्हणाली, "मग चाव." त्यानंतर दोघी कामापुरतं बोलत. कुत्र्यांचं खाणं ती आता हॉलिसच्या दुकानातून न घेता शेजारच्या गावाहून आणू लागली. वेंडेलचा ओंडक्यांचा ट्रक तिच्या घरावरून जाताना भोंगा लांब वाजवायचा, रोज. वसंत आला तरी वाजवायचा. डीकन त्या आवाजाने दचकून उठायचा आणि वर्ना दारात जाऊन, ट्रक वळणाआड जाईपर्यंत, कंबरेवर हात ठेवून उभी राहायची.

चर्चला जाणं तिने सोडलं नाही. डावीकडून तिसऱ्या बाकावर ती आणि डेल्बर्ट बसायचे, तिथेच ती बसायची. आधी त्या बाकावर दाटी असायची. आता लोक पुढच्या-मागच्या बाकांवर खेटून बसत आणि तो बाक तिच्या एकटीचा राहिला. ती ताठ बसायची आणि गाणी मोठ्याने म्हणायची, तिचा आवाज काही गोड नव्हता तरी.

मे महिन्यातल्या एका रविवारी प्रार्थना सुरू झाल्यावर कोय आत आला. हॉलिसने त्याला बरोबर घेणं बंद केलं आहे आणि गिरणीतही त्याच्या डब्यापाशी कोणी बसत नाही, हे तिला कळलं होतं. तो मधल्या वाटेत क्षणभर उभा राहिला. पुढच्या बाकावरच्या कोणी सरकून जागा केली नाही. तो तिच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाद्रीबाबांनी गाण्याचा आकडा सांगितला, सगळे उठले, हे दोघेही उठले. त्या बाकावर गाण्यांचं पुस्तक एकच होतं आणि ते तिच्या हातात होतं. पहिलं कडवं संपेपर्यंत तिने ते धरून ठेवलं. मग उघड्या पानासकट ते पुढच्या बाकाच्या पाठीच्या फळीवर, दोघांच्या बरोब्बर मधोमध, टेकवून ठेवलं. तिला तिथून अक्षरं नीट दिसत नव्हती. त्यालाही दिसत नसावीत. त्याने सरकायचं तर सरकावं, असं ठरवून ती जागेवरच उभी राहिली आणि दुसरं कडवं आठवेल तसं म्हणू लागली.